मुलुंडचा डोकं-आणि-पाय क्लास, अडीच महिने जाऊन आल्यावर लिहितेय

आधीच सांगते, क्लासचं नाव लिहीत नाहीये, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि शिकवणारी पोरगी गुणी आहे, तिच्या पोटावर पाय नको. मुलुंड ईस्टला ज्येष्ठांच्या व्यायामाचे, पायांबरोबर डोक्यालाही काम देणारे असे क्लास आता बरेच दिसायला लागलेत, त्यामुळे कुठलाही लावणार असाल तरी वाचा.

मी ६८ वर्षांची. टेलिफोनमध्ये होते, १९८६ला एमटीएनएल झालं त्याच्या आधीपासून, १९७ला. जुन्या लोकांना आठवेल, १९७ फिरवलं की माझ्यासारखी कोणीतरी नंबर सांगायची. तेव्हा कितीतरी नंबर तोंडपाठ असायचे हो, आणि गेल्या दिवाळीत मोबाईल बंद पडला म्हणून शेजारणीच्या फोनवरून लेकीला लावायला गेले तर पहिले चार आकडे आठवले आणि पुढे सगळं कोरं. डॉक्टर म्हणाले घाबरू नका, नंबर आता कोणालाच पाठ नसतात, पण बीपी सांभाळा, चाला आणि डोक्याला काम द्या. शब्दकोडं मी रोज सोडवतेच, पण ते खुर्चीत बसून. म्हणून हा क्लास.

मंगळ, गुरू, शनि, सकाळी साडेसात ते साडेआठ, पंधराएक जण, महिन्याला १८०० रुपये. पहिली दहा मिनिटं वॉर्मअप, मग खुर्चीतून हात न टेकता उठ-बस, एका पायावर उभं राहणं वगैरे. हे सगळीकडे असतं. खरी मजा पुढे. उजवा पाय बाजूला टाकायचा, परत आणायचा, मग डावा, आणि पायाबरोबर मोठ्याने आकडे मोजायचे, तीनच्या पाढ्यातला आकडा आला की टाळी. ऐकायला बालवाडी वाटते ना? करून बघा. बारापर्यंत ठीक जातं, मग कोणीतरी चौदाला टाळी मारतं, त्याचं बघून पंधराला कोणीच मारत नाही, आणि पायांचा तर पत्ताच नसतो. हे जपानचं आहे, कॉग्निसाइज म्हणतात, ओबू गावातल्या त्यांच्या वृद्धांच्या राष्ट्रीय संस्थेने काढलेलं. त्यात चुकलात तर चालतं, उलट चुका व्हायच्या थांबल्या की प्रकार अवघड करायचा. आमची शिकवणारी ताई लगेच तीनचं पाच करते, दुष्ट आहे.

दुसरा प्रकार म्हणजे जमिनीवर ठेवलेल्या शंकूंमधून नागमोडी चालायचं आणि चालता चालता १०० मधून सात-सात वजा करायचे. माझी मैत्रीण, जी मला घेऊन गेली तीच, ९३ म्हणाली आणि जागेवर उभी. ८६ म्हणाली, मग चालली. परत उभी. आम्ही हसलो, ताई नाही हसली. तिने नंतर बाजूला घेऊन सांगितलं की बोलताना पाय थांबतात हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, १९९७मध्येच स्वीडनच्या संशोधकांनी वृद्धाश्रमात बघितलं होतं की बोलण्यासाठी चालणं थांबवणारे लोक पुढच्या सहा महिन्यांत जास्त पडले. आणि खरंच, आपण रस्ता क्रॉस करतो तेव्हा काय करतो, रिक्षा बघतो, पिशवी सांभाळतो, बरोबरच्या बाईशी बोलतो, सगळं एकदमच की! मैत्रीण आता ६५ पर्यंत न थांबता जाते.

माझा मात्र भाव वाढला तो दिडकीवर. सातच्या वजाबाकीला कंटाळले म्हणून मी पावलागणिक एक दिडके दीड, बे दिडके तीन सुरू केलं, आमच्या अण्णांनी घोकून घेतलेलं, तर ताईला दिडकी म्हणजे काय हेच माहीत नाही. आता शनिवारी आमची पावकी-निमकी असते आणि एक गुजराती आजोबा त्यांच्या पाढ्यांवर आम्हाला चॅलेंज देतात. तसं बघितलं तर मंगळागौरीला दुसरं काय करायचो, पिंगा घालायचा, गाणं आठवायचं, समोरचीच्या टाळीला टाळी द्यायची, आणि पुढचं कडवं विसरलं की सगळ्याजणी ओरडायच्या. तेव्हा १८०० कोणी घेत नव्हतं 😄

आता तक्रारी. एक, जाहिरातीच्या कागदावर "डिमेन्शियापासून १००% संरक्षण" छापलंय, डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश. हे खोटं आहे, सरळ सांगते. मुलाला शोधायला लावलं तर त्याने वाचून दाखवलं, फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १२६० लोकांवर दोन वर्षं मोठा प्रयोग झाला, २०१५मध्ये छापून आला, त्यात व्यायाम, आहार, मेंदूचा सराव आणि बीपी-शुगरवर लक्ष असं सगळं मिळून केल्यावर विचारशक्तीच्या चाचण्यांत फायदा दिसला. फायदा दिसला, संरक्षण नाही. कॅनडामध्ये स्मरणशक्तीची थोडी तक्रार असलेल्या १७५ लोकांना २० आठवडे व्यायाम आणि मेंदूचा सराव एकत्र दिला, त्यांना पण फायदा झाला, वर व्हिटॅमिन डीच्या गोळीने काही फरक पडला नाही. एवढं चांगलं खरं सांगायला असताना १००% कशाला छापायचं?

दोन, टॅबलेट. शेवटची पंधरा मिनिटं खुर्चीत बसवून गेम, सगळं इंग्लिशमध्ये, अक्षरं मुंगीएवढी, आणि वर्षाचे ६००० वेगळे घ्या म्हणून काउंटरवरचा मुलगा मागे लागतो. असल्याच एका गेमवाल्या कंपनीला २०१६मध्ये अमेरिकेत फसव्या दाव्यांबद्दल २० लाख डॉलर भरावे लागले होते. मी घेतलं नाही, त्या वेळात मी भिंतीला धरून टाचा वर-खाली करते.

तीन, हॉल दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट महिन्यातून चार दिवस बंद, म्हाताऱ्यांचा क्लास आहे ना हा? आणि ढणढण गाणी लावतात, ज्यांना कमी ऐकू येतं ते आकडा चुकले की त्यांना वाटतं आपलं डोकं गेलं. आवाज कमी करा सांगितलं, दोन दिवस केला.

लेकीचा नंबर आता पाठ आहे, पण तो क्लासमुळे की रोज पोळ्या लाटताना म्हणते त्यामुळे, देव जाणे. जिना चढताना कठडा कमी धरते हे मात्र नक्की क्लासचंच.

पाचपैकी साडेतीन. तीन महिन्यांचं पॅकेज गळ्यात मारतील, घेऊ नका, महिना-महिना भरा. ट्रायल फुकट आहे. चपला नकोत, बूट घालून जा, आणि ऐकायला कमी येत असेल तर ताईच्या समोरची जागा सव्वासातलाच जाऊन धरा, नंतर ती गुजराती आजोबांची असते.