‘साबिसु’चा धडा: एका ऑनलाइन जपानी वर्गाविषयी

पुण्यातील एका संस्थेच्या ऑनलाइन जपानी वर्गात काताकाना या परकीय शब्द लिहिण्याच्या जपानी लिपीबरोबर इंग्रजीतून आलेल्या शब्दांचा वापरही शिकवला जातो, आणि त्यातला ‘साबिसु’ म्हणजेच सर्व्हिस या शब्दावरचा धडा मला सर्वांत उजवा वाटला. इझाकायाचा, म्हणजे खाण्यापिण्याच्या जपानी मद्यगृहाचा, मालक न मागवलेली बशी समोर ठेवून ‘साबिसु देस’ म्हणतो, तेव्हा तिचे पैसे बिलात लागणार नाहीत असा त्याचा अर्थ असतो, हे शिक्षिकांनी संवाद ऐकवून नीट उलगडले. नागोयाच्या कॅफेंमध्ये सकाळी कॉफीच्याच दरात टोस्ट आणि उकडलेले अंडे देणारी ‘मोनिंगु साबिसु’ आणि मोबदल्याविना केलेले जादा काम, म्हणजे ‘साबिसु झांग्यो’, ही उदाहरणेही नेमकी होती. या दुसऱ्या उदाहरणावर वर्गातले नोकरदार जरा जास्तच हसले.

उच्चाराकडे मात्र दुर्लक्ष झाले. शब्दाच्या शेवटचा ‘सु’ बोलताना जवळजवळ ‘स्’ होतो, हे कोणी सांगितलेच नाही. शिवाय सरावपत्रिका रोमन लिपीत असल्यामुळे काताकाना वाचण्याची सवय लागत नाही. शुल्क माफक आहे, त्यामुळे एन-५ या जपानीच्या सर्वांत प्राथमिक पातळीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी वर्ग जरूर लावावा. लिपीचा सराव तेवढा घरी करावा लागेल.