गावचं सार्वजनिक शौचालय कोणी चालवावं? वेल्समधले दोन पर्याय

वेल्समध्ये १९९६ पासून २२ मुख्य कौन्सिलं आहेत. शाळा, रस्ते, समाजसेवा, कचरा ही सगळी कामं त्यांच्याकडे. खाली सातशेहून जास्त कम्युनिटी आणि टाउन कौन्सिलं. बाक, दफनभूमी, खेळाचं मैदान सांभाळणारी.

आता शौचालय घ्या. २०१७ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानुसार कौंटीला, म्हणजे मुख्य कौन्सिलला, शौचालयांचं धोरण तयार करावंच लागतं. पण शौचालय चालवण्याची सक्ती नाही! त्यामुळे पैशाची चणचण भासली की कुलूप पहिलं तिथेच लागण्याची भीती.

कौंटीकडेच ठेवलं, तर खर्च साऱ्या कौंटीवर विभागला जातो, दुरुस्तीला माणसं तयार असतात. मात्र किनाऱ्यावरच्या छोट्या गावाची निकड मुख्यालयात तितकीशी जाणवत नाही.

कम्युनिटी कौन्सिलने घेतलं, तर नळ गळतोय हे त्याच दिवशी कळतं. पैसा कौन्सिल टॅक्ससोबत (घरांवरचा स्थानिक कर) गोळा होणाऱ्या ‘प्रिसेप्ट’मधून, म्हणजे कम्युनिटी कौन्सिलच्या स्वतःच्या आकारणीतून येतो, त्यामुळे भार त्याच गावावर. उन्हाळ्यात वापरणारे पर्यटक, बिल मात्र गावकऱ्यांचं. शिवाय अनेक कौन्सिलांत पूर्णवेळ कर्मचारीही नसतो. सगळा डोलारा एका अर्धवेळ क्लार्कवर.

मला दुसरा पर्याय पटतो, पण एका अटीवर: कौंटीने इमारत आधी दुरुस्त करून द्यावी आणि पहिली काही वर्षं खर्चाचा वाटा उचलावा. नाहीतर हे हस्तांतर कसलं, घोंगडं झटकणंच. आणि राजधानी कार्डिफच्या बहुतेक भागात तर कम्युनिटी कौन्सिलच नाही, तिथे हा पर्यायच उरत नाही.