‘रिबिल्ड’साठी पाठवलेला कार्ब बदलून आला

जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकलचे कार्ब, म्हणजे इंजिनाला पेट्रोल आणि हवेचं मिश्रण देणारे कार्ब्युरेटर, काढून कुरिअरने दुसऱ्या शहरातल्या ‘स्पेशालिस्ट’कडे पाठवायचा विचार करत असाल, तर पार्सल बांधण्याआधी हे वाचा. माझ्या आरडी ३५०चा डावा कार्ब असाच गेला आणि परत आलाच नाही. त्याच्या जागी एक चकचकीत नक्कल आली. त्या नकलेनं भर रस्त्यात पिस्टन सीझ केला, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम केला.

गाडी मूळची माझ्या मामांची. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सनं १९८३ साली यामाहाची आरडी ३५० ‘राजदूत ३५०’ नावानं आपल्याकडे आणली, त्या पहिल्या काही वर्षांतली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र मिकुनी कार्ब. ज्यांनी ही गाडी सांभाळली आहे त्यांना ठाऊक आहे की हिचं सगळं सुखदुःख त्या दोन कार्बमध्ये आहे. दोन्ही स्लाइड (कार्बमधली हवेची वाट उघडणाऱ्या सरकत्या झडपा) एकदम उचलल्या गेल्या नाहीत तर एक सिलिंडर दुसऱ्याला ओढत राहतो. थ्रॉटलची केबल खाली फुटून दोन्ही कार्बकडे आणि इंजिनाला आपोआप ऑइल पुरवणाऱ्या ऑटोल्यूबच्या पंपाकडे जाते, त्यामुळे केबलची ढील इकडची तिकडे झाली की ऑइलचंही गणित बिघडतं.

गाडी बराच काळ उभी होती. फ्लोट बोल (कार्बच्या तळाच्या पेट्रोलच्या वाट्या) उघडले तर तळाशी पांढरट भुकटी आणि डिंकासारखा चिकट थर. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतला ओलावा ओढून घेतं. ते बोलमध्ये तसंच राहिलं की जस्ताच्या मिश्रधातूची बॉडी आतून फुलते आणि जुनी रबरं सुजतात. आता सगळीकडे ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, तेव्हा हे काम पुढे सगळ्याच जुन्या गाड्यांना लागणार. म्हणूनच असं काम करून देतो म्हणणारी माणसंही वाढली आहेत.

त्यातल्याच एकाचे व्हिडिओ मी पाहत होतो. काळाकुट्ट कार्ब अल्ट्रासोनिकच्या टाकीत जातो आणि नव्यासारखा बाहेर येतो. खाली लोकांच्या कौतुकाच्या ओळी. फोनवर माणूस गोड बोलला. “साहेब, आरडी म्हणजे आपला जीव की प्राण. ओरिजिनल जपानी किट टाकतो, दोन्ही कार्ब सिंक करून देतो. फक्त किटचे पैसे आधी पाठवा, माल बाहेरून मागवावा लागतो.” पैसे पाठवले. दोन्ही कार्ब पाठवण्याआधी मी चारी बाजूंनी फोटो काढून ठेवले. मामांनी कधीकाळी डाव्या-उजव्याची अदलाबदल होऊ नये म्हणून डाव्या बॉडीच्या फ्लॅन्जवर (कडेवर) कानशीचे दोन बारीक घाव घातले होते, तेही फोटोत आले.

काही आठवडे नुसती टोलवाटोलवी. कधी किट कस्टममध्ये अडकलेलं, कधी मशीन बंद, कधी घरी लग्न. मग एके दिवशी त्याचाच फोन. “साहेब, वाईट बातमी आहे. डाव्या बॉडीला क्रॅक आहे. पण तुमचं नशीब, माझ्याकडे एक जुनी ओरिजिनल बॉडी पडून आहे. तुमच्यासाठी कमीत लावतो.” सोबत एक फोटो. इतक्या जवळून काढलेला की कार्ब कुणाचा तेच कळू नये. मी पूर्ण कार्बचा फोटो मागितला, व्हिडिओ कॉल करायला सांगितलं. तो म्हणाला, बॉडी वेल्डरकडे दाखवायला दिली आहे. मी म्हटलं, बदला पण जुनी बॉडी क्रॅकसकट परत पाठवा. “हो हो, पाठवतो ना,” म्हणाला. या बोलण्याचे मेसेज माझ्याकडे आहेत. पार्सल आलं तेव्हा त्यात जुनी बॉडी नव्हती, जुने जेट (पेट्रोल मोजून सोडणारे भोकांचे पितळी तुकडे) नव्हते, नीडल (जेटमध्ये वरखाली होणाऱ्या सुया) नव्हत्या. विचारलं तर उत्तर आलं, “भंगारात गेलं, त्याचं काय करणार तुम्ही?”

हा फसवणुकीचा गाभा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. चाळीस वर्षांपूर्वीची चांगली मिकुनी बॉडी आज सहजी मिळत नाही. ज्यांना गाडी मूळ रूपात उभी करायची आहे ते तिच्यासाठी मागाल ती किंमत मोजतात. उलट हुबेहूब दिसणारी नक्कल स्वस्तात मिळते. त्यामुळे रिबिल्डच्या मजुरीपेक्षा तुमची बॉडी ठेवून घेण्यात जास्त पैसा आहे. ‘क्रॅक’ दाखवला की तो तुमचा माल तुमच्याच संमतीनं ठेवून घेतो आणि नकलेचे पैसेही तुमच्याकडूनच वसूल करतो.

गाडीला कार्ब लावले. दिसायला फारच सुंदर. पण आयडलिंग (रेस न देता इंजिन चालतं तो वेग) चढंच राहायचं, रेस सोडली तरी इंजिन पटकन खाली येत नव्हतं. त्याला फोन केला. “नवीन काम आहे साहेब, बसायला शंभरेक किलोमीटर लागतात. चालवा बिनधास्त.” हे वाक्य कुणीही ऐकवलं तर तिथेच सावध व्हा. सिलिंडरचा बोअर (आतली पोकळी) आणि पिस्टन रिंग बसाव्या लागतात. कार्बमध्ये बसण्यासारखं काही नसतं. तो पहिल्या दिवशी बरोबर असतो नाहीतर चूक असतो. रेस सोडल्यावर इंजिन वरच लटकत राहणं हे बहुधा मिश्रण लीन असल्याचं, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त असल्याचं लक्षण आहे. टू-स्ट्रोकमध्ये लीन म्हणजे उष्णता आणि उष्णता म्हणजे पिस्टन.

कोल्हापूरहून सांगलीला जाताना हातकणंगल्याच्या पुढे डावा सिलिंडर सीझ झाला. मागचं चाक एकदम जाम. क्लच दाबला गेला म्हणून मी उभा राहिलो. मागून ट्रक असता तर हे लिहायला मी नसतो. माझा राग पैशांपेक्षा याचा जास्त आहे. कार्बची फसवणूक म्हणजे घड्याळाची फसवणूक नव्हे, तिथे माणूस मरू शकतो.

गाडी टेम्पोतून माझ्या ओळखीच्या एका जुन्या मिस्त्रीकाकांकडे नेली. त्यांनी आधी प्लग काढले. उजवा तपकिरी, डावा खडूसारखा पांढरा. कार्ब आणि इंजिन जोडणाऱ्या मॅनिफोल्डच्या रबरांवर स्प्रे मारून कुठे हवा ओढतंय का पाहिलं. तिथे काही नव्हतं. मग दोन्ही कार्ब कापडावर शेजारी शेजारी उघडले आणि मला एकेक गोष्ट दाखवली.

अस्सल मिकुनी जेटवर चौकोनात चौकोन असा बारीक ठसा असतो, आकडा स्वच्छ उमटलेला असतो. डाव्या कार्बच्या जेटवर ठसाच नव्हता, आकडे तिरके. अशा जेटवर नंबर काहीही लिहिलेला असो, भोक किती आहे याचा भरवसा नाही. जेट नीडलवर कोड नव्हता. दोन्ही स्लाइडच्या तळाशी कटअवेचा, म्हणजे तिथल्या तिरक्या कापाचा आकडा असतो, तो दोन्हीकडे सारखा हवा. डावीकडचा मोठा होता. कटअवे जितका मोठा तितकं सुरुवातीच्या थ्रॉटलला मिश्रण लीन. पायलटच्या, म्हणजे आयडलिंगला पेट्रोल देणाऱ्या बारीक वाटेत हवा मारली तर काचेचे कण बाहेर आले. म्हणजे चमक आणायला बीड ब्लास्टिंग (काचेच्या बारीक मण्यांचा मारा) केलेलं आणि नंतर वाटा साफ केल्याच नव्हत्या. उजव्या कार्बची बॉडी माझीच होती, पण तिच्याही स्लाइडच्या बोअरमध्ये ब्लास्टिंग करून तो खरखरीत करून ठेवलेला. डाव्या बॉडीवरची अक्षरं पुसट, फ्लॅन्ज कोरा. मामांचे घाव नव्हते.

काका म्हणाले, “बाहेरून कार्ब चमकायची काय गरज नाही बघ. आतली भोकं मोकळी पाहिजेत.” त्यांच्या पद्धतीत तार नाहीच, पितळी जेटमध्ये तार घातली की भोक मोठं झालं समजा. रबर आणि फ्लोट आधी बाजूला, मग क्लिनर, मग प्रत्येक वाटेतून दाबाची हवा, आणि स्प्रे एका तोंडातून मारला तर दुसऱ्यातून सरळ धार येते का ते डोळ्यांनी बघायचं. फ्लोटची उंची मोजायची, नीडलची क्लिप दोन्हीकडे एकाच खाचेत ठेवायची.

कुणाला काम द्यायचंच असेल तर समोर बसून उघडून घ्या. उघडल्या उघडल्या जेटचे, नीडलचे आणि स्लाइडचे आकडे लिहून दोघांच्या सह्या घ्या. बॉडीवर न दिसणाऱ्या जागी खूण करा. काढलेला प्रत्येक तुकडा, अगदी फाटकं पॅकिंगसुद्धा, परत हवं हे पैसे देण्याआधी लेखी ठरवा. जो माणूस जुना माल परत द्यायला कां-कूं करतो त्याच्याकडून कार्ब उचलून सरळ घरी या. ‘क्रॅक’ दाखवला तर तो तुमच्या खुणेसकट एकाच फोटोत दिसला पाहिजे.

आणि फसलात तर गप्प बसू नका. “दुसऱ्या शहरात कुठे कोर्टकचेऱ्या करणार” हे गृहीत धरूनच ही माणसं काम करतात. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. मी तशी केली, मग वकिलाकडून नोटीस पाठवली. पैसे पाठवल्याच्या नोंदी, मेसेज, कुरिअरची पावती, आधीचे आणि नंतरचे फोटो हे सगळं एकत्र लावलं. नोटीस पोचल्यावर त्यानं किटचे पैसे परत द्यायची तयारी दाखवली. बॉडीबद्दल अजूनही “भंगारात गेली” एवढंच म्हणतो. मी तडजोड नाकारली आहे. बॉडीची किंमत, बोअर-पिस्टनचा खर्च आणि रस्त्यावर ओढवलेला धोका या तिन्ही गोष्टी तक्रारीत लिहिल्या आहेत, आणि प्रकरण आयोगापुढे आहे.

दरम्यान, फ्लॅन्जवर कानशीचे दोन आडवे घाव असलेला आरडीचा डावा कार्ब कुणाला विकायला आला, तर विकणाऱ्याला तो कुठून आणला ते विचारा आणि फोटो जपून ठेवा.