चवड्यांवर चालणारे मूल: ताणाचे व्यायाम की टप्प्याटप्प्याचे प्लास्टर?

नुकतेच चालू लागलेले मूल चवड्यांवर चालत असेल, तर दोन-तीन वर्षांच्या वयापर्यंत त्यात सहसा काळजीचे काही नसते. त्यानंतरही सवय टिकली, एकच टाच उचललेली राहिली किंवा नीट चालणारे मूल नव्याने असे चालू लागले, तर सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर होणारा परिणाम) किंवा स्नायूंचा आजार नाही ना, हे तज्ज्ञांकडून तपासून घ्यावे. असे कारण नसेल, तरच पुढील निवडीला अर्थ आहे.

घोटा हाताने सहज वर वाकत असेल, तर पोटरीचे व्यायाम आधी करावेत. गुडघा सरळ ठेवून पाऊल हळूहळू नडगीकडे वाकवायचे असते. खर्च नगण्य, मात्र रोजचा नेम हवा.

टाचेमागील शीर (पोटरीला टाचेशी जोडणारा स्नायुबंध) आखडली असेल, तर गुडघ्याखाली प्लास्टर घालून ते एक-दोन आठवड्यांनी बदलतात आणि दर वेळी घोटा थोडा अधिक वाकवतात. हा उपाय मुलाच्या लहरीवर अवलंबून नसतो, परंतु सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असताना प्लास्टरखालचा घाम आणि खाज मुलाला असह्य होते. शिवाय अक्कलकोट-बार्शीहून येणाऱ्यांना प्रत्येक बदलासाठी खेप पडते. तातडी नसल्यास हिवाळा निवडावा, असे माझे मत आहे. जानेवारीत सोलापुरात भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत मुलाला कडेवर घ्यावे लागेल, एवढेच. बोटे निळसर किंवा बधिर झाल्यास मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

प्लास्टर निघाल्यावरही व्यायाम चुकत नाहीत, कारण जुनी चाल परतू शकते.