बॅनरलॉर्ड : आधी भाडोत्री, मग मांडलिक, तेही घाई न करता

ठाणे-बेलापूर पट्ट्यात काम करणाऱ्याला कंत्राटी आणि कायम यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. कंत्राटीला काम आहे तोवर पैसा, पण मीटिंगमध्ये खुर्ची नाही. कायम माणसाला खुर्ची मिळते आणि तिच्यासोबत वरच्यांनी घातलेले घोळही निस्तरावे लागतात. ‘माउंट अँड ब्लेड २ : बॅनरलॉर्ड’मध्ये नेमका हाच पेच चिलखत घालून समोर येतो. टेलवर्ल्ड्स या अंकाऱ्याच्या कंपनीचा हा मध्ययुगीन युद्धाचा व्हिडिओ गेम मार्च २०२० मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये (अपुरा असतानाच विक्रीला) आला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये पूर्ण झाला. लढाया, घोडदौड, वेढे यांबद्दल भरपूर बोललं जातं. पण पहिले वीस-तीस तास मजेत जातात की कंटाळ्यात, हे ठरतं एका निर्णयावर : एखाद्या राज्याची भाडोत्री चाकरी धरायची की राजापुढे गुडघा टेकून मांडलिक व्हायचं.

भाडोत्रीसाठी क्लॅन टिअर १ (तुमच्या घराण्याची पायरी) पुरतो, म्हणजे ५० रिनाउन, अर्थात नावलौकिकाचे गुण. लुटारूंच्या टोळ्या आणि शहरांतल्या दोन-चार टूर्नामेंट एवढ्यात ते होतं. त्या राज्याचा कुठलाही सरदार गाठा, तलवार भाड्याने देतो म्हणा, झालं. मांडलिकीला टिअर २ लागतो (१५० रिनाउन), आणि तिथे सरदार चालत नाही, थेट राजालाच भेटावं लागतं. राजा बहुधा कुठल्यातरी आर्मीसोबत (अनेक सरदारांची एकत्र फौज) सरहद्दीवर असतो. ‘एन’ दाबून एन्सायक्लोपीडियात तो शेवटचा कुठे दिसला ते पाहा, नाहीतर अर्धा नकाशा पालथा घालाल.

करारातला आकडा बहुतेक जण चुकीचा वाचतात. तो रोजचा पगार नसतो, एका इन्फ्लुअन्समागचा दर असतो. इन्फ्लुअन्स म्हणजे दरबारातलं वजन. शत्रूशी लढाई जिंकली, पकडलेले कैदी आपल्या राज्याच्या किल्ल्यात जमा केले, की ते वाढतं. भाडोत्री माणसाचं हे वजन साठत नाही, दररोज थोडं थोडं वितळून दीनार (खेळातलं चलन) होतं. म्हणजे लढाई नाही तर कमाई नाही. राज्याने तह केला की करार कागदावर राहतो आणि गल्ला रिकामा.

हिशोब करून बघू. ८० जणांची पार्टी, म्हणजे तुमची टोळी, धरा (इथला टिअर सैनिकाच्या दर्जाचा, क्लॅनचा नव्हे) : ३० जण टिअर २ चे, ३० टिअर ३ चे, २० टिअर ४ चे. रोजची मजुरी अनुक्रमे ३, ५ आणि ८ दीनार, म्हणजे ९० अधिक १५० अधिक १६०, एकूण ४००. दर इन्फ्लुअन्समागे १०० असेल, तर नुसती मजुरी भागवायला रोज ४ इन्फ्लुअन्स वितळायला हवेत. वर २० माणसांना दिवसाला एक नग अन्न, म्हणजे दहा दिवसांच्या मोहिमेला ४० नग. सगळं धान्यच भरू नका. मासे, मांस, चीज, खजूर असं मिश्रण ठेवलं तर मोराल (सैनिकांचं मनोबल) टिकतं. दारूगोळा नाही, पण डबा पाहिजेच.

लूट यात धरलेली नाही, आणि खरी चैन तिथेच आहे. शिवाय व्लांडिया या खेळातल्या राज्याचं पात्र निवडलं असेल तर भाडोत्री कमाईत १५ टक्के जादा मिळतात. त्याच संस्कृतीला आर्मीत सरदार बोलावताना २० टक्के जास्त इन्फ्लुअन्स मोजावा लागतो. व्लांडियन माणूस कंत्राटावर खूश आणि दरबारात महागडा, हे खेळानेच आखून ठेवलंय.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार. भाडोत्रीपण त्याच्या जवळचं. मांडलिक मात्र सरंजामदार : जमीन मिळते आणि तिचं ओझंही.

ते ओझं केवढं, हे पहिला किल्ला पदरात पडेपर्यंत कळत नाही. जागीर मिळायची पद्धतही बघण्यासारखी आहे. किल्ला पडला की उमेदवारांची नावं येतात, सरदार इन्फ्लुअन्स खर्चून पाठिंबा देतात आणि शेवटचा शब्द राजाचा. सिडकोच्या सोडतीत निदान नशीब तरी आंधळं असतं, इथे तेही नाही. नावावर एकही जागीर नसलेल्या क्लॅनला मात्र झुकतं माप मिळतं, त्यामुळे नव्या मांडलिकाने पहिल्या मतदानाच्या वेळी इन्फ्लुअन्स हाताशी ठेवावा. धोरणांच्या मतदानात तो उधळू नये.

मिळालेल्या किल्ल्याचं उत्पन्न तुटपुंजं, कारण पैसा येतो खालच्या गावांतून, आणि किल्ला सरहद्दीवर असेल तर शत्रू पहिली तीच गावं जाळतो. गॅरिसनची (किल्ल्यातल्या शिबंदीची) मजुरी मात्र तुमच्याच खिशातून. शहर मिळालं तर उत्पन्न चांगलं, पण मालकाची संस्कृती शहराशी जुळत नसेल तर लॉयल्टी (शहराची निष्ठा) रोज घसरते, आणि ती खूप खाली गेली की शहर बंड करून हातातून जातं. सोपा उपाय : त्याच संस्कृतीचा कंपॅनियन (सरायांत मिळणारा, तुमच्या पदरी राहणारा साथीदार) गव्हर्नर म्हणून बसवा. तो कंपॅनियन शहर मिळाल्यावर शोधायला निघू नका. भाडोत्री असतानाच सरायांतून दोन-तीन वेगवेगळ्या संस्कृतींचे लोक गोळा करून ठेवा, कारण तेव्हा तुम्ही सगळीकडे फिरत असता.

मांडलिकीचा खरा फायदा आर्मी. भाडोत्री दुसऱ्याच्या आर्मीत सामील होतो, स्वतःची उभारू शकत नाही. मांडलिक उभारू शकतो. इतर सरदारांना बोलवायला इन्फ्लुअन्स लागतो, पण आपल्याच क्लॅनच्या पार्ट्या फुकट येतात. म्हणून टिअर वाढला की भावंडं आणि कंपॅनियन यांच्या हाताखाली वेगळ्या पार्ट्या काढा. कोहेजन, म्हणजे आर्मीची एकजूट, रोज उतरतं आणि ते वाढवायलाही इन्फ्लुअन्सच. लांबचा वेढा घालायचा असेल तर निघतानाच शिल्लक बघा. अर्ध्या वाटेत कोहेजन संपलं की आर्मी विस्कटते आणि तुम्ही परक्या तटाखाली एकटे.

मांडलिक झाल्यावर राज्य कुणाशीही युद्ध पुकारू शकतं, आणि तुमचे व्यापारी काफिले त्या शत्रूच्या वाटेवर असले तर गेले. एका काफिल्याला १५,००० दीनार मोजलेले असतात. भाडोत्रीलाही हाच धोका, पण त्याला करार सोडून निघता येतं. खेळाची खरी खोट मांडलिकीच्या टप्प्यातच उघडी पडते. राजे एकाच वेळी दोन-तीन आघाड्या उघडतात, तोच किल्ला महिन्यात तीनदा हातून हातात जातो, आणि तुमचं शहाणपण ऐकणारा दरबार नसतो.

म्हणून आमचा क्रम असा. टिअर १ ते ३ (३५० रिनाउन) भाडोत्री. एखादं राज्य तह करून बसलं की दुसरीकडे, पण आधीच तीन युद्धांत अडकलेल्या राज्याकडे नको. जिंकल्यावर पकडलेले सरदार सोडून द्या, खंडणीपेक्षा त्यांची मर्जी पुढे कामाला येते. गाठीशी किमान दोन महिन्यांची मजुरी आणि एक गव्हर्नर झाला, मगच मांडलिकी. घाईने टिअर २ लाच शपथ घेणारे खेळाडू पहिल्या किल्ल्याच्या गॅरिसनपायी कंगाल होतात.

नवी मुंबईच्या मे महिन्यात हा खेळ लॅपटॉपवर चालवणाऱ्यांसाठी थोडं. डिस्कवर ६० जीबी लागतात. बॅटल साइझ (लढाईत एका वेळी दिसणारे सैनिक) हजारापर्यंत जातो, पण पंख्याखालच्या खोलीत तटबंदीच्या लढाईत मशीन तापून फ्रेम पडतात, म्हणजे चित्र अडखळतं. ४००-५०० वर आणा. वेढ्यात शिडीवर तेवढीच माणसं चढतात, दिसण्यात फार फरक पडत नाही.

आणि राहिलं मांडलिकी सोडण्याचं. स्वतःचं राज्य काढायला क्लॅन टिअर ४, कुणाच्याही चाकरीत नसणं, स्वतःची वस्ती आणि १०० सैनिक लागतात. राज्याच्या पडद्यावरून (‘के’) बाहेर पडताना खेळ विचारतो : जागिरी परत करणार की ठेवून घेणार? ठेवून घेतल्या तर जुना मालक त्याच क्षणी शत्रू. तेव्हा गॅरिसन भरून, कोठारात धान्य ठेवून आणि राजा दुसऱ्या आघाडीवर गुंतलेला असतानाच ते बटण दाबा. आणि त्याआधी एक सेव्ह वेगळ्या नावाने ठेवा.