बारा रंगांची डबी: लातूरहून रत्नागिरीत, आठ महिन्यांनंतर

ही जलरंगाची डबी मी लातूरला असताना घेतली. बारा हाफ पॅन (रंगाच्या छोट्या वड्या), पत्र्याचं झाकण, झाकणातच रंग कालवायचे तीन कप्पे, खिशात मावेल एवढी. तिथे दीड वर्ष वापरली, तक्रारीला जागा नव्हती. मग मेअखेर बदली होऊन रत्नागिरीला आलो. ओळखीचं कुणी नाही, म्हणून रविवारी डबी आणि घडीचं स्टूल घेऊन बाहेर पडायला लागलो. डबीचा खरा कस तेव्हापासून लागला.

लातूरच्या एप्रिलमध्ये आकाशाचा वॉश (पातळ रंगाचा सलग थर) खालपर्यंत नेईतो वरचा भाग वाळलेला असायचा. इथे जुलैत थिबा पॉइंटच्या शेडखाली बसून आकाश रंगवलं, चहा पिऊन आलो तरी कागद ओलाच. घाईने त्यावर डोंगर काढला, तो ढगात विरघळला. आता दोन कागद घेऊन बसतो, एक वाळेपर्यंत दुसरा.

कागदाचं दुखणं मात्र वेगळंच. लातूरहून आणलेला अर्धा पॅड ऑगस्टपर्यंत दमट हवेत उघडा पडला होता. त्यावर रंग लावला की मध्येच टीपकागदासारखा शोषला जायचा, गडद ठिपके उठायचे. मी रंगांना दोष देत होतो. रंग लगेच शोषला जाऊ नये म्हणून कागदाला लावलेली खळ ओलीने बाद झाली होती. तेव्हापासून 300 जीएसएमचा, म्हणजे जाड, सुती कागद, तोही प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत.

डबीचं म्हणाल तर बिजागरी गंजली. बंद डबीत तीन पॅनवर पांढरी बुरशी आली. घरमालकीण काकूंना दाखवली तर त्या हसल्याच. "अहो, पावसात कपाटात बल्ब लावून ठेवायचा. आमचे कपडेसुद्धा तसेच राहतात." बुरशी टिपून काढली, डबी उघडी करून काकूंच्या बल्बखाली ठेवली. पुन्हा आली नाही.

रंगांची निवड हा या डबीचा कच्चा दुवा, आणि तो लातूरला कळलाच नव्हता. तिथे यलो ऑकर (मातकट पिवळा) संपायचा, काळ्या रानासाठी बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) पुरायचं. इथे ऑकरला हात लागत नाही. जांभ्या दगडाला बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) चालतो, पण पावसात भिजलेला जांभा त्यात थोडा अलिझरीन (गडद लाल) घातल्याशिवाय जमत नाही. सोबत दिलेला विरिडियन (निळसर हिरवा) थेट लावला तर आंब्याचं झाड प्लास्टिकचं दिसतं. त्यात बर्न्ट सिएना मुरवावा लागतो. नव्या पालवीला तर हिरवा नकोच, ती तांबूस असते.

जून-जुलैच्या मासेमारीबंदीत मिरकरवाडा बंदरात ट्रॉलर एका जागी उभे असतात, ते काढणं सोपं. भाट्याच्या खाडीत नांगरलेल्या होड्या मात्र अवघड. नोव्हेंबरात पुलाजवळ तासभर बसून पाच होड्या काढल्या, खूश होतो. मागे उभे असलेले एक आजोबा म्हणाले, "काय हो, एकाच खाडीत दोन होड्या ओहोटीच्या नि तीन भरतीच्या?" नांगरलेली होडी प्रवाहाकडे नाक करते. ओहोटीला ते नदीकडे असतं, भरती लागली की समुद्राकडे वळतं. मी रंगवत असताना पाणी फिरलं होतं आणि मला पत्ताच नव्हता. आता आधी भरतीची वेळ बघतो, सगळ्या होड्यांची नाकं पाच मिनिटांत पेन्सिलीने पक्की करतो. आजोबा भेटले की आधी चित्र तपासतात, मग नमस्कार घेतात.

पुन्हा घेईन का? कोरड्या गावात राहणार असाल तर डोळे झाकून घ्या. कोकणात रिकामी डबी घेऊन पॅन आपणच भरावेत. मी विरिडियनचा पॅन काढून तिथे ट्यूबमधला सॅप ग्रीन भरलाय. चार दिवस झाले, जानेवारी आहे, तरी अजून बोटाला लागतोय.