मीटर 35 दाखवत होता, टाकीत मीठ 41 होतं

रीफ टाकी (समुद्राच्या पाण्यात कोरल पाळायची टाकी) ठेवणाऱ्यांनो, ‘कॅलिब्रेट करून’, म्हणजे माप बरोबर लावून, ‘पाठवतो’ म्हणणाऱ्याकडून रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे पाण्यातलं मीठ मोजायचा मीटर, घेऊ नका. मी घेतला. मीटरचे 3,200, वीस किलो मिठाच्या दोन बॅगांचे 18,800, एकूण 22,000 रुपये. सगळे आगाऊ, यूपीआयने. मेलेले कोरल आणि श्रिंप (कोळंबी) धरले तर आणखी 14,500.

मी नवखा नाही. सोलापुरात विजापूर रोडच्या घरी 180 लिटरची टाकी तीन वर्षं चालवतोय. पण हे सामान मला पुण्या-मुंबईहून ट्रॅव्हल्सच्या पार्सलनेच मागवावं लागतं, त्यामुळे फोनवरच्या माणसावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसतं. एप्रिलमध्ये जुना मीटर पडून फुटला, म्हणून हा घेतला. पहिलंच रीडिंग 29, म्हणजे हजार भाग पाण्यात मिठाचे 29 भाग; टाकीला 35 लागतात. विकणारा म्हणाला, “सर, तुमचा जुना मीटरच चुकीचा होता. रोज एकेक पॉइंट वाढवा, घाई करू नका.” सल्ला बरोबर होता, तिथेच मी फसलो. सहा दिवसांत किलोभर मीठ विरघळवून घातलं आणि मीटरवर 35 आणलं.

अहो, एप्रिलमध्ये सोलापुरात टाकीचं मीठ कमी होईलच कसं? बाहेर 42 डिग्री, वर पंखा चालू, रोज तीन-चार लिटर पाणी उडून जातं. उडतं ते नुसतं पाणी, मीठ टाकीतच राहतं. म्हणून तर रोज आरओचं, बिनमिठाचं पाणी भरायचं. उन्हाळ्यात मीठ चढतं, हे मी स्वतः दुसऱ्यांना सांगत आलोय. आणि त्याहून वाईट म्हणजे वजनकाटा. पाणी बदलायला 40 लिटरला मी नेहमी दीड किलो मीठ घेतो. तेच मोजून टाकलं, तरी मीटरवर 29. स्वयंपाकघरातला काटा समोर होता, त्यावर 1.500 दिसत होतं, आणि मी ठरवलं की मीठच दमट असेल! त्यालाच विचारलं. त्याने दुसरी बॅग विकली.

मग टॉर्च कोरल मिटला तो उघडलाच नाही. हॅमर कोरलचं मांस सांगाड्यावरून सुटायला लागलं. दोन्ही क्लीनर श्रिंप एकाच रात्री गेले. तेव्हा कुठे मीटर तपासायचं, नेमकं 35 मिठाचं स्टँडर्ड द्रावण मागवलं, 450 रुपये. मीटरच्या काचेवर दोन थेंब टाकले: 29. आरओचं पाणी टाकलं, तर रेष शून्याच्याही खाली, पट्टीच्या बाहेर. शून्य जुळवायच्या वरच्या स्क्रूवर डिंकासारखं काही लावलेलं. ‘स्क्रूला हात लावला तर गॅरंटी जाईल, आरओवर तपासायचा नाही, हा समुद्राच्या पाण्यावर सेट केलाय’ असं तो का सांगत होता, ते तेव्हा कळलं. मीटर कुणाचाही असो, आधी आरओवर शून्य बघा, मग 35 च्या द्रावणावर. आणि मीटर विकणाऱ्याकडूनच मीठ घेऊ नका.

तक्रारीला गेलो तर पोलीस ठाण्यात साहेबांनी अर्ज हातातसुद्धा घेतला नाही. “मासे मेले म्हणून गुन्हा कसा नोंदवू?” मासे नाहीत हो साहेब, 22,000 रुपये! मदत क्रमांकावर अर्धा तास होल्ड, मग उत्तर आलं की पैसे तुम्ही राजीखुशीने दिलेत, वस्तूही मिळाली, हा व्यवहारातला वाद. वजनमापांच्या कार्यालयात म्हणे असल्या यंत्राला शिक्का नसतो. तीन ठिकाणी तेच सांगितलं, तिघांनी एकच विचारलं: पक्कं बिल आहे का? नाही. म्हणून सांगतो, जीएसटी बिलावर पूर्ण पत्ता नसेल तर एक रुपया पाठवू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीसुद्धा नाही. पण नोटीस पाठवायला पत्ता लागतो, आणि माझ्याकडे फक्त मोबाईल नंबर.

पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा. मीठ चढलं असेल तर एका दमात गोडं पाणी ओतू नका. मला 41 वरून 35 वर यायला आठ दिवस लागले, त्यातही झोआ कोरल गेले.

तो नंबर अजून चालू आहे. काल त्याच्या स्टेटसला तोच मीटर होता, 3,200, ‘कॅलिब्रेट करून मिळेल.’